पहिला हशा

"तिला उठू द्या," रामिरो म्हणाला.

लेनोरने मान वर न करताच "कोणाला?" असं विचारलं. मग तिच्या लक्षात आलं की हा माणूस दारातच उभा आहे आणि 'या' म्हटल्याशिवाय तो काही आत येणार नाही. शूटिंगवर जेवणाचा ट्रक घेऊन येणारा रामिरो तिला तोंडओळखीने माहीत होता. बर्बँकच्या त्या स्टुडिओच्या आवारात तो एरवी दिसायचा तो कमरेला एप्रन बांधून, कुणाला अंडं कसं हवं ते विचारताना. आज त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"मारिसेलाला," तो म्हणाला. "माझ्या मुलीला. ट्रे घेऊन पडते ती."

लेनोरने यंत्र थांबवलं. ट्रे घेऊन पडणारी मुलगी तिला तोंडपाठ होती. गेले कित्येक आठवडे ती पोरगी संकलनाच्या टेबलावरच्या चिमुकल्या पडद्यावर रोज पडत होती, कधी पुढे, कधी उलटी, कधी एकेक फ्रेम करत. फक्त तिला नाव आहे हे लेनोरला ठाऊक नव्हतं. पटकथेत 'ट्रेवाली मुलगी' एवढंच लिहिलं होतं आणि फिल्मच्या डब्यांवरही तेच. शूटिंग संपल्यावर गर्दीतली कोणी एक मुलगी अपघातात गेली असं तिच्या कानावर आलं होतं. कोण ते तिने विचारलं नव्हतं.

लेनोर पिकेटचं नाव पोस्टरवर कधी मोठ्या अक्षरांत आलं नाही, पण शाळकरी पोरांचे सिनेमे काढणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत होतं. ऐंशीच्या दशकात अशा सिनेमांचं पेवच फुटलं होतं. बाकीच्या सिनेमाचं संकलन कुणी का करेना, पहिलं रीळ लेनोरकडे यायचं. पोरं थिएटरात शिरतात ती एकमेकांना ढकलत, पॉपकॉर्न फेकत, आणि पडदा सोडून त्यांचं सगळीकडे लक्ष असतं. त्यांना जागेवर बसवायचं, हे तिचं काम. घड्याळाचा गजर, पांघरुणातून बाहेर आलेला पाय, आरशावर उडालेली टूथपेस्ट, तोंडात कोंबलेला टोस्ट, बाहेर गाडीचा भोंगा. एकेक तुकडा इतका आखूड की बघणाऱ्याला दम घ्यायला फुरसत मिळू नये. गाण्याच्या ठेक्यावर कापायचं, पण प्रत्येक ठेक्यावर नाही. मधूनच एखादा चुकवायचा, म्हणजे पोरांचे पाय आपोआप हलायला लागतात. शाळेची घंटा आधी ऐकवायची आणि शाळा मागाहून दाखवायची. मग लॉकरांच्या रांगा आणि एकेका टोळक्याची ओळख: हे दांडगे खेळाडू, ह्या नट्टापट्टावाल्या, हे पुस्तकी किडे. प्रत्येकावर चित्र क्षणभर गोठवायचं आणि तेवढ्यात नायकाने वरून काहीतरी खवचट बोलायचं. हे आता सगळेच करतात, पण कुठल्या फ्रेमवर गोठवायचं हे सगळ्यांना कळत नाही.

आणि ह्या सगळ्यात कुठेतरी पहिला हशा पडला पाहिजे. पहिला हशा पडला की पोरं आपली झाली, असं ती प्रत्येक नव्या मदतनिसाला सांगायची. तो पडला नाही, तर पुढे नायिकेने जीव दिला तरी त्यांना त्याचं काही वाटत नाही.

ह्या सिनेमात पहिला हशा मारिसेलाचा होता. जेवणाच्या सुट्टीत ती ट्रे घेऊन धावत येते, कुणाचं तरी लॉकरचं दार उघडतं आणि तिचा पाय निसटतो. ट्रे हातातून सुटलाय, दूध हवेत आहे, आणि पोरीच्या तोंडावर अजून हसू आहे, कारण आपण पडतोय हे तिला अजून कळलेलंच नाही. नेमकं तिथे लेनोरने चित्र गोठवलं होतं. जरा आधी घेतलं तर ती नुसती धावताना दिसते, आणि जरा पुढे गेलं की तिच्या डोळ्यांत भीती येते. भीती दिसली की माणसं हसत नाहीत. चित्र गोठतं, नायकाचा आवाज म्हणतो, 'आणि ही... हिचं नाव कुणालाच माहीत नाही,' आणि लगेच लॉकरचं दार आदळतं, घंटा होते, वर्ग सुरू होतो.

आदल्या संध्याकाळी सिनेमावर काम केलेल्या सगळ्यांना कच्ची प्रत दाखवली होती. दिवे लावणाऱ्यांपासून जेवणवाल्यांपर्यंत सगळे आले होते आणि त्या जागी सगळे पोट धरून हसले होते. रामिरो मागच्या रांगेत बसला होता.

"हसू देत," तो आता म्हणत होता. "तिलाही हसवायला आवडायचं. घरात सगळ्यांच्या नकला करायची. पण तुम्ही तिला अधांतरीच सोडून दिलंय, बाई."

लेनोरने सांगायला सुरुवात केली की तिथे थांबलो नाही तर गंमत निघून जाते. मग स्वतःचंच बोलणं तिला ऐकवेना आणि तिने वाक्य अर्ध्यावरच सोडलं. रामिरोने ते मनावर घेतलं नाही. तो म्हणाला की शूटिंगच्या दिवशी तो तिथेच टेबलं मांडत होता आणि त्याने सगळं पाहिलं होतं. दर वेळी ती पडायची आणि दर वेळी उठायची, स्कर्ट झटकायची आणि नाटकातल्या नटीसारखी कमरेत वाकून सगळ्यांना नमस्कार करायची. एप्रिलमध्ये ती डोनटच्या दुकानातलं काम संपवून घरी येत होती. रस्ता ओलांडताना ट्रकने उडवलं. तो पोचला तेव्हा ती तिथेच होती.

"तिथून ती उठली नाही," तो म्हणाला. "इथे तरी उठू द्या. तिचं उठणं तुमच्याकडे असेल ना?"

असणारच होतं. सिनेमा लागेपर्यंत इथे काहीच टाकून देत नाहीत. खोलीच्या कोपऱ्यात कापडाचं अस्तर लावलेली मोठी पेटी होती, तिच्यावर बारीक खिळ्यांची दांडी, आणि खिळ्यांना कापलेल्या फिल्मच्या पट्ट्या वाळत घातल्यासारख्या लोंबत होत्या. लेनोर "बघते" म्हणाली. ह्या धंद्यात त्याचा अर्थ बहुतेक वेळा नाही असाच होतो, पण रामिरोला ते माहीत नसावं. त्याने बायकोने दिलेले, मक्याच्या पानांत गुंडाळून वाफवलेले तमाले टेबलाच्या कडेला ठेवले, ते गरम असतानाच खा म्हणून बजावलं आणि तो गेला.

तमाले गार झाले. लेनोरने त्या प्रसंगाच्या सगळ्या पट्ट्या काढून एकेक टेबलावर चढवली. पोरगी पडत होती आणि उठत होती. शेवटच्या खेपेला ती उठली, गुडघा चोळला, स्कर्ट झटकला आणि थाटात वाकली. मग डावीकडे कॅमेऱ्याच्या बाहेर कुणाकडे तरी बघून ती इतकी मनापासून हसली की लेनोरने यंत्र बंद केलं. तिथे टेबलं मांडणारा कोण होता हे आता तिला माहीत होतं. आयुष्यभर तिने ह्या टेबलावर सोळा-सोळा वर्षांची पोरं बघितली होती, त्यांचे हात, पाय, हसणं हवं तिथे तोडलं होतं, आणि त्यातलं एकही संध्याकाळी कुठल्या घरी जातं असा विचार तिच्या मनात आला नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली.

तिने तो तुकडा जोडला. चित्र गोठतं, आवाज म्हणतो 'हिचं नाव कुणालाच माहीत नाही', आणि चित्र पुन्हा हलू लागतं. पोरगी आपटते, उठते, वाकून नमस्कार करते आणि हसत निघून जाते. मगच घंटा. लेनोरला ते आवडलं. निव्वळ दयेपोटी नव्हे, कामाच्या हिशेबानेही आवडलं.

निर्माता मार्टी क्लेबर हा पूर्वी गाड्यांच्या जाहिराती करायचा आणि अजूनही प्रत्येक सिनेमाकडे गिऱ्हाइकाला दाखवायच्या गाडीसारखाच बघायचा. पण तो दुष्ट नव्हता. लेनोरने त्याला सगळं सांगितलं तेव्हा त्याने डोक्यावरचा काळा चष्मा काढून हातात घेतला आणि बराच वेळ तो उघडमीट करत राहिला. त्यालाही मुलगी होती. राहू दे, एवढ्याने काय आभाळ कोसळतंय, असं म्हणून तो उठून गेला.

त्याच संध्याकाळी लेनोरने रामिरोच्या घरी फोन केला. निगेटिव्ह कापलं जाईपर्यंत सिनेमातलं काहीच पक्कं नसतं आणि तोवर बाहेर कुणाला अवाक्षर सांगायचं नाही, सख्ख्या आईलासुद्धा नाही, हा नियम तिनेच कित्येक मदतनिसांच्या डोक्यात हातोडीने ठोकला होता. तो तिने त्या दिवशी मोडला.

"उठते ती," ती म्हणाली.

पलीकडे रिसीव्हरवर हात ठेवून घरात कुणाकुणाला हाका मारल्याचे आवाज आले, कुणीतरी रडू लागलं, आणि एका म्हातारीचा आवाज पुन्हा पुन्हा एकच प्रश्न विचारत राहिला. मग रामिरो परत फोनवर आला. आईला सांगितलं, ती म्हणते पहिल्याच दिवशी सगळ्यांनी जायचं, एवढं सांगून त्याने फोन ठेवला.

जूनच्या सुरुवातीला एका गावात शाळकरी पोरांसमोर चाचणीचा खेळ झाला. लेनोर नेहमीप्रमाणे शेवटच्या रांगेत, पडद्याकडे न बघता डोक्यांकडे बघत बसली. पहिला हशा दणदणीत आला. मग पोरगी उठली, वाकली, आणि हशा बसला. दोन-तीन मुली हळहळल्यासारख्या झाल्या आणि त्यानंतरचे चांगले ठरलेले विनोद एकामागून एक फुकट गेले. का ते कुणी लेनोरला समजावून सांगायची गरज नव्हती. पोरं एका गोष्टीला हसली होती आणि ती गोष्ट उठून मुलगी झाली होती. आता त्यांना ओशाळल्यासारखं झालं होतं, आणि ओशाळलेली पोरं हसत नाहीत.

तरीही ते निभावलं असतं. पण ट्रेलर बनवणारी मंडळी वेगळी असतात. त्यांनी आपलं काम जुन्या प्रतीवरून केव्हाच उरकलं होतं, आणि ट्रेलरचा शेवट कशावर, तर दूध हवेत आणि पोरगी अधांतरी. ते गोठलेलं चित्र तुफान चाललं. पोरं थिएटरात ट्रेलर संपल्यावर तश्शी पोज घेऊन दाखवायला लागली. पोस्टरही त्याचंच छापलं गेलं.

क्लेबर आला तो उभ्यानेच बोलला. "पोरं त्या गोठलेल्या पोरीसाठी तिकीट काढणार आहेत, लेनोर. आणि आपण तिला उठवून नमस्कार करायला लावायचं?"

"तू हो म्हणाला होतास."

"म्हणालो होतो. तेव्हा ट्रेलर नव्हता. मला काय हौस आहे का? तुला जमत नसेल तर शेजारच्या खोलीतून कुणाला तरी बोलावतो. चुटकीसरशी होईल."

शेजारच्या खोल्यांतून तरुण संकलक टपून बसले होते हे तिला चांगलं ठाऊक होतं. सत्तावन्न वर्षांच्या बाईने एकदा पहिलं रीळ हातचं घालवलं की दुसरं कोणी आणून देत नाही. शिवाय दुसऱ्याने घाईघाईत कापलं आणि फ्रेम चुकली, तर त्या पोरीच्या डोळ्यांतली भीती जगभर दिसत राहील. ही दोन्ही कारणं खरी होती. त्यातलं जड कुठलं होतं हे लेनोरने तेव्हाही तपासून पाहिलं नाही आणि नंतरही नाही. तिने क्लेबरला बाहेर जायला सांगितलं, दार लावलं आणि तो तुकडा आपल्याच हाताने काढला. कडा जुळवल्या, वर टेप लावली आणि अंगठ्याने नीट दाबली. उठलेली मारिसेला पुन्हा खिळ्यावर जाऊन लोंबायला लागली.

रामिरोला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणणंही खोटंच आहे. पहिले काही दिवस तिला वाटत होतं की क्लेबरचं मन वळेल, मग कशाला उगाच. नंतर ध्वनीचं काम सुरू झालं. एकदा तिने फोन लावला तेव्हा कळलं की रामिरो दुसऱ्या कुठल्यातरी शूटिंगबरोबर ॲरिझोनाच्या वाळवंटात गेलाय. निरोप ठेवायचा का, असं त्याच्या बायकोने विचारलं, आणि त्या घरातलं रडणं ह्याच कानांनी ऐकल्यावर त्या बाईला हे सांगायचं धैर्य लेनोरला झालं नाही. तोवर निगेटिव्ह कापलं गेलं. मग सांगून तरी काय होणार, असं स्वतःला समजावत तिने ऑगस्ट काढला, आणि सिनेमा लागायचा शुक्रवार उजाडला.

व्हॅन नाइजच्या थिएटरात रामिरोच्या घरची मंडळी दुपारच्या खेळाला येणार हे तिला माहीत होतं. ती बरीच आधी जाऊन दाराशी उभी राहिली. दोन गाड्या भरून माणसं आली. रविवारी चर्चला जाताना घालतात तसे कपडे सगळ्यांनी घातले होते. रामिरोच्या गळ्यात टाय होता. त्याची बायको ओफेलिया, तिच्या दोन बहिणी, त्यांचे नवरे, आणि सगळ्यांच्या मधोमध काळ्या झग्यातली, डोक्यावर काळी जाळीची ओढणी घेतलेली त्याची म्हातारी आई. भिंतीवरच्या पोस्टरवर मारिसेला अधांतरी होती. तिच्यासमोर उभं राहून एक मेहुणी डोळे पुसायला लागली, तेव्हा ओफेलिया तिला म्हणाली की हे अर्धंच आहे, पुढचं आत आहे.

रामिरोने लेनोरला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. तो आईला हाताला धरून तिच्याकडे घेऊन आला.

"आई, ह्याच त्या बाई. ह्यांनीच आपल्या मारिसेलाला उठवलं."

म्हातारीचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने दुधाळले होते. तिने चाचपडत लेनोरचा हात शोधला, आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि गालाला लावला. बराच वेळ तिने तो सोडला नाही. आयुष्यात लेनोरने अनेक वाईट प्रसंग निभावले होते, नवऱ्याला पुरलं होतं, पण त्या गालाचा स्पर्श तिला सहन होईना. हात सोडवून घेऊन तिने रामिरोला पॉपकॉर्नच्या खिडकीपाशी नेलं.

"ती उठत नाही," ती म्हणाली. "ते काढून टाकलं."

रामिरोला आधी समजलंच नाही. मग समजलं. "कोणी?"

क्लेबरचं नाव तिच्या जिभेवर आलं होतं.

"मी," ती म्हणाली.

पलीकडे पोरांची झुंबड उडाली होती. शिंगरांसारखी पोरं एकमेकांच्या अंगावर पडत तिकिटं फाडून घेत होती. रामिरो त्यांच्याकडे बघत राहिला. तो ओरडेल, शिवी देईल, निदान काहीतरी विचारेल म्हणून लेनोर थांबली होती.

"फोन करायचा होता, बाई," तो म्हणाला.

ती म्हणाली की अजूनही सगळ्यांना काहीतरी सांगून परत नेता येईल, रीळ तुटलं म्हणून सांगू, मी सांगते. रामिरोने आतल्या दाराकडे पाहिलं. म्हातारीला दोन्ही बाजूंनी धरून आत नेत होते. ती आज सकाळपासून काही न खाता बसून होती, असं तो जणू स्वतःशीच म्हणाला. मग टायची गाठ सारखी करून तो त्यांच्या मागे गेला.

लेनोरला घरी जाता आलं असतं. ती आत जाऊन त्यांच्या मागच्या रांगेत बसली. म्हातारीला लांब चालवत नव्हतं म्हणून ते सगळे दारापाशीच, शेवटून दुसऱ्या रांगेत बसले होते. ते ओळीने ताठ बसलेले, आणि भोवती बुटांसकट पाय पुढच्या खुर्चीवर टाकलेली पोरं.

गजर वाजला. पाय, आरसा, टोस्ट, भोंगा. पोरांचे पाय हलायला लागले. घंटा आधी ऐकू आली आणि शाळा मागाहून दिसली. खेळाडू, नट्टापट्टावाल्या, पुस्तकी किडे. लेनोरने कापलेलं सगळं जिथल्या तिथे बसलं होतं, कुठे केसाइतकी चूक नव्हती. मग मारिसेला ट्रे घेऊन धावत आली. पुढची अख्खी रांग एकदम पुढे झुकली. ओफेलियाने बहिणीचा हात धरला.

दूध हवेत उडालं. चित्र गोठलं. 'हिचं नाव कुणालाच माहीत नाही,' आवाज म्हणाला, आणि सगळं थिएटर हसलं. पोरं खुर्च्यांवर थापा मारत होती. लॉकरचं दार आदळलं, घंटा झाली आणि वर्ग सुरू झाला.

पुढची रांग तशीच झुकलेली राहिली. एक मेहुणी हळूच मान वळवून रामिरोकडे बघायला लागली.

"उठली का रे?" म्हातारीने विचारलं. तिला काही दिसलं नव्हतं, फक्त हशा ऐकू आला होता.

रामिरो पडद्याकडे बघत होता. पडद्यावर एक मास्तर फळा पुसत होते.

"उठली, आई."

"लागलं नाही ना तिला?"

"नाही. गुडघा चोळला जरासा."

"आणि नमस्कार?"

"केला. कमरेत वाकून केला. मग माझ्याकडे बघून हसली."

ओफेलियाने नवऱ्याकडे पाहिलं. मग ती सासूच्या बाजूला वळली आणि तिच्या ओढणीची जाळी सारखी करत म्हणाली, "छान दिसत होती, आई. पांढरा ब्लाउज होता तिचा. तुम्ही शिवलेला."

म्हातारीने छातीवर क्रूस काढला आणि खुर्चीचे हात चाचपले. चला मग, असं ती म्हणाली. एकेक करून सगळे उठले. मागच्यांना पडदा दिसावा म्हणून कमरेत वाकून, आवाज न करता ते बाहेर पडू लागले. भोवती पोरं दुसऱ्या कुठल्यातरी विनोदाला हसत होती. लेनोरकडे कुणी वळून पाहिलं नाही.

दाराशी बॅटरी घेतलेली मुलगी उभी होती. सिनेमा आत्ताच तर सुरू झाला, काही अडचण आहे का, असं तिने विचारलं.

"नाही, पोरी," रामिरो म्हणाला. "आमचं बघून झालं."